जिन्याखालच्या खोलीतल्या परीक्षा

मी ड्रिलचा मास्तर. बोर्डाला ड्रिलचा पेपर नसतो, त्यामुळे मार्च महिन्यात शाळेत माझ्याइतका निरुपयोगी माणूस दुसरा नसे. गणिताचे आणि इंग्रजीचे शिक्षक त्या दिवसांत वरमाईसारखे वावरायचे. त्यांच्यामागे मुलं, मुलांमागे पालक. मी आपला वर्गावर्गातून बाक मोजत आणि खडूने बैठक क्रमांक टाकत फिरायचो. अशा माणसाच्या हातून जे काम झालं त्याला नाव नव्हतं. त्याची कधी ऑर्डर निघाली नाही आणि माझ्या सर्व्हिस बुकात त्याबद्दल एक अक्षर नाही. परीक्षेच्या भीतीने हातपाय गळालेल्या मुलांना पुन्हा उठवून बाकावर नेऊन बसवायचं, एवढंच ते काम. चौदा-पंधरा वर्षं केलं. कसं केलं ते सांगतो, आणि कुठे चुकलो तेही सांगतो.

सिल्वासाला मी ऐंशीच्या सुमारास आलो, तो एकटा. बायको दोंडाईच्याला प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिची नोकरी जिल्हा परिषदेची, माझी केंद्रशासित प्रदेशाची. एकत्र राहायचं तर दोघांपैकी एकाने राजीनामा द्यायला हवा होता. दरवर्षी आम्ही त्यावर बोलायचो आणि दरवर्षी जून उजाडायचा. मुलगी वर्षा तेव्हा चार वर्षांची, ती आईजवळ राहिली. मी सिल्वासातच, टोकरखाड्याला, सरकारी क्वार्टरमध्ये एका खोलीत. वापीपर्यंत बस, वापीहून सुरत, सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी, असा प्रवास करून दिवाळीला आणि मे महिन्यात घरी जायचं. माझा संसार वर्षातून साठ दिवसांचा.

शाळा मराठी माध्यमाची. आजूबाजूच्या पाड्यांवरची मुलं, कारखान्यांत कामाला आलेल्या आमच्या खानदेशी लोकांची मुलं, आणि पुण्या-नाशिकहून आलेल्या काही साहेबांची मुलंही. बोर्ड महाराष्ट्राचं, त्यामुळे आमच्या मुलांपुढे सकाळी अकराला जो पेपर पडायचा तोच धुळ्या-पुण्याच्या मुलांपुढेही पडायचा.

पहिली मुलगी सविता, जवळच्या किलवणी गावची. प्रिलिमला गणिताचा पेपर चालू होता. मी मैदानावर चुन्याने रेघा मारत होतो. शिपाई छगनभाई पळत आला, वर एक मुलगी पडल्याचं त्याच्या गुजरातीत सांगत.

"पवारसाहेब, पेली छोकरी पडी गई!"

मला बोलावण्याचं कारण एवढंच की प्रथमोपचाराची पेटी माझ्या कपाटात असायची. कबड्डीत फुटलेल्या गुडघ्यांसाठी. सविताला आम्ही जिन्याखालच्या खोलीत नेलं. तिरक्या छताची खोली ती, लेझीम, फुटबॉल आणि जुन्या नकाशांनी भरलेली. तिला बाकड्यावर झोपवलं. ताप नव्हता. हात मात्र बर्फासारखे गार आणि ओले, आणि छाती अशी उडत होती, जशी चारशे मीटर पळून आलेल्या पोराची उडते.

मी म्हणालो, "घाबरू नकोस." ती आणखी घाबरली. मी म्हणालो, "अभ्यास झालाय ना? मग भीती कशाची?" ती रडायला लागली. माझ्याजवळचं शहाणपण तेवढ्यावर संपलं. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"काय नाय."

ग्लुकोजचं पाणी दिलं. ते ती घोट घोट प्यायली. मग म्हणाली, "सर, आकडं हालतात."

"म्हणजे?"

"पाण्यात हालतात तसं. धरायला गेलं का सटकतात."

मला गणितातलं काही कळत नव्हतं, पण पाण्यातलं विचारता येत होतं. "पावसाळ्यात तुमच्याकडे ओढा भरतो, तेव्हा कशी येतेस शाळेत?"

"पाण्याकडं नाय बघायचं," ती लगेच म्हणाली. तिला माझ्या अज्ञानाची कीव आली असावी. "बा सांगतो, पाय उचलायचा नाय, सरकवायचा. दगड लागला का मंग दुसरा पाय."

"मग वर जाऊन तसंच कर. सगळा पेपर बघू नकोस. येतं असं एकच गणित शोध. ते झालं की दुसरं."

पाऊण तास उरला होता. ती गेली आणि दोन प्रश्न सोडवून आली. बोर्डाला ती पूर्ण तीन तास बसली. गणितात अडतीस मिळाले. हेडमास्तर म्हणाले, "पवार, तुम्ही काय जादू केली?" मी मान डोलावली. जादू तिच्या बापाची होती, हे मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून परीक्षा आली की छगनभाई जिन्याखालची खोली झाडून ठेवायचा, माठ भरायचा, आणि मी तिथे खुर्ची टाकून बसायचो. हे काम बाहेरच्या माणसाला वाटतं तसं समजूत घालण्याचं नाही. भ्यालेल्या मुलाला समजूत ऐकूच येत नाही. त्याच्या अंगात पळण्याचं बळ आलेलं असतं आणि आपण त्याला बाकावर बसायला सांगितलेलं असतं. सगळा घोटाळा तिथे आहे. पळणाऱ्या पोरांचं मला कळत होतं, म्हणून मी अंगापासून सुरुवात करायचो. चपला काढून पाय थंड फरशीवर टेकवायचे. श्वास घेण्याकडे लक्ष द्यायचं नाही, सोडण्याकडे द्यायचं; तो लांब सोडायचा, गरम दूध फुंकल्यासारखा. मग ज्याचं उत्तर मुलाला नक्की येतं असा प्रश्न विचारायचा. घरी शेळ्या किती? येताना कुठली बस मिळाली? दोन-चार उत्तरं बरोबर आली की आवाज ठिकाणावर येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घड्याळाकडे बघायचं नाही. पेपरचा वेळ वाढवून मिळत नाही. मूल आपल्यासमोर बसलेलं असताना वर त्याची मिनिटं चाललेली असतात, हे आपल्याला माहीत असतं आणि चेहऱ्यावर दाखवायचं नसतं. त्या खुर्चीत माझी पाठ घामाने भिजून जायची.

याचा एक परिणाम मला अपेक्षित नव्हता. निकाल लागला की मुलं पेढे घेऊन गणिताच्या सरांकडे जायची, इंग्रजीच्या बाईंकडे जायची. माझ्याकडे कोणी येत नसे. बाजारात मी समोरून आलो तर माझ्या खोलीत बसून गेलेली मुलं दुसऱ्या बाजूला वळायची. आधी वाईट वाटलं. मग कळलं की आपल्याला ओकताना आणि रडताना ज्याने पाहिलं, त्याला चारचौघांत ओळख दाखवायला कोणाला आवडेल? त्यांचं बरोबर होतं. पण संध्याकाळी क्वार्टरवर एकट्याची भाकरी थापताना, बरोबर असलेल्या गोष्टीही घशाखाली उतरत नाहीत.

आता दिलीपचं सांगतो.

दिलीपचे वडील शहाद्याकडचे, राखोलीला धाग्याच्या कारखान्यात कामाला. दिलीप हुशार नव्हता आणि मठ्ठही नव्हता. शांत होता. त्या वर्षीचं दहावीचं पोरगं न् पोरगं भेदरलेलं होतं, आदल्या वर्षी निकाल वाईट लागला होता म्हणून. गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी मी वर्गात गेलो. निम्मी मुलं नखं खात होती. दिलीप हात बांधून सरळ बसला होता. मी म्हणालो, "काय रे तुम्ही! जरा दिलीपकडे बघा. कसा शांत बसलाय. असं पाहिजे."

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो हात बांधून तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत दोन मुली येऊन गेल्या, दोघी परत जाऊन बसल्या. मी खुशीत होतो. पेपर सुटल्यावर पर्यवेक्षक म्हणून आलेले दुसऱ्या शाळेतले एक वयस्कर गुरुजी माझ्याजवळ थांबले.

"पवारसर, तुमचा तो खिडकीजवळचा मुलगा. तीन तास जागचा हलला नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही. पहिल्या पानावर बैठक क्रमांक, विषय, तारीख, सगळं मोत्यासारखं लिहिलंय. आत एक अक्षर नाही."

पुढच्या पेपरला दिलीप आला नाही. मी राखोलीला त्याच्या खोलीवर गेलो. वडील रात्रपाळी करून आलेले, लाल डोळ्यांनी दारात बसले होते. म्हणाले, "काय झालं सर? पोरगा काई बोलतच नई." दिलीप आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी खूप बोललो. श्वास, पाय, दगड, सगळं सांगून झालं. त्याने मान वळवली नाही.

दीड-दोन वर्षांनी राखोलीच्याच नाक्यावर पाळी सुटताना तो मला दिसला. केसांत धाग्याचा भुगा. मिसरूड फुटलेलं. तो दुसऱ्या बाजूला वळला नाही. सरळ माझ्याकडे आला आणि मला चहाच्या टपरीवर घेऊन गेला. चहा त्यानेच सांगितला.

मी विचारलं, "दिलीप, त्या वेळी मला सांगितलं का नाहीस?"

तो ग्लास फिरवत राहिला. "कसं सांगणार सर? तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालात ना, दिलीप बघा कसा शांत आहे. मला तेव्हा काही ऐकायलासुद्धा येत नव्हतं. कान बंद झाले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी तसाच बसलो. दुसऱ्या दिवशीही तसाच बसलो."

"ऑक्टोबरला फॉर्म भरू. मी बसतो तुझ्याबरोबर."

"नको सर. आता मशीनवर हात बसलाय." मग जरा हसून म्हणाला, "मशीन काही विचारत नाही."

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो, आणि आपण शाबासकी देऊन एका मुलाचं तोंड बंद केलं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

त्या वर्षापासून मी एक प्रथा पाडली. पेपरच्या दिवशी शाळेच्या फाटकात उभा राहायचो आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तळहातावर खडीसाखरेचा खडा ठेवायचो. मुलांना तो शकुनाचा वाटायचा. मला त्यांचे हात बघायचे असायचे. खडा ठेवताना बोटं लागायची आणि कळायचं, कोणाचा हात उबदार आहे, कोणाचा गार आणि ओला. चेहरा कितीही शांत असो, हाताला खोटं बोलता येत नाही. गार हातांची नावं मी मनात ठेवायचो आणि पेपर सुरू झाल्यावर त्या वर्गांवरून निष्कारण दोनदा चक्कर मारायचो.

एक्क्याण्णवच्या आसपास वर्षा दहावीला आली. पंधरा वर्षांच्या मुलीला सिल्वासाला आल्यापासून मी फार तर पावणेदोन वर्षं पाहिलेलं होतं, तेही तुकड्यातुकड्यांनी. जानेवारीत तिचं पत्र आलं. एरवी तिची पत्रं आईच्या पत्राच्या खाली दोन ओळींची असत. हे वेगळं होतं. 'पप्पा, बीजगणिताच्या पेपरला तुम्ही याल का? मला सराव परीक्षेत काही सुचलं नाही. आईची त्या दिवशी दुसरीकडे ड्यूटी आहे.'

मी पहिल्यांदाच मार्चमध्ये रजा मागितली. हेडमास्तर म्हणाले, "जा पवार. एक वर्ष आमची पोरं आम्ही बघू." मी वर्षाला कळवलं की येतो. बीजगणित सोमवारी होतं. शुक्रवारी पेपर सुटला की निघायचं ठरवलं.

त्याच वर्षी आमच्याकडे अभिजित होता. त्याचे वडील, देवधरसाहेब, पुण्याचे, राखोलीला एका कारखान्यात मॅनेजर, राहायला टोकरखाड्यातच पलीकडच्या सोसायटीत. अभिजितला धडे पाठ असायचे, आणि परीक्षेच्या सकाळी तो उलट्या करायचा. प्रिलिमला मी त्याला खोलीत बसवून घेतलं तेव्हा देवधरसाहेब शाळेत येऊन मला म्हणाले होते, "सर, तुम्ही त्याचे लाड करताय. नाटकं आहेत सगळी. आमच्या वेळी असलं काही नव्हतं." ड्रिलच्या मास्तराने साहेबाला काय सांगायचं?

शुक्रवारी मी पिशवी घेऊन स्टँडवर आलो. वापीची बस लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर चढला तेवढ्यात देवधरसाहेबांची स्कूटर बसशेजारी येऊन थांबली. त्यांच्या पायात घरातल्या स्लिपर होत्या.

"सर, एक मिनिट खाली या. अभिजित बाथरूममध्ये कडी लावून बसलाय. दोन तास झाले. सोमवारी जाणार नाही म्हणतो. आमच्याशी बोलत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आज सकाळी मी त्याच्यावर हात उगारला. आजवर कधी नव्हता उगारला."

मी म्हणालो, "साहेब, माझ्या मुलीचा पेपर आहे."

"हो का?" ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं. माफ करा." आणि तिथेच उभे राहिले. जाईनात.

मला दिलीपची भिंतीकडे वळलेली पाठ दिसली. उद्याची बस आहे, शनिवारी निघालो तरी रविवारी पोचतो, असा हिशेब केला आणि मी उतरलो.

देवधरांच्या घरी बाथरूमच्या दाराशी अभिजितची आई टॉवेल घेऊन उभी होती. मी त्या दोघांना बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं आणि दाराला पाठ टेकून फरशीवर बसलो.

"अभिजित, मी पवारसर. तू बोलू नकोस. मी इथे बसलोय."

आत नळ ठिबकत होता. तास गेला असेल. मग आतून आवाज आला, "सर, तुम्ही आज गावाला जाणार होतात ना?"

"हो. उद्या जाईन."

ठिबकणारा नळ आतून बंद झाला.

"मग सोमवारी?"

आजही तो क्षण मला पुन्हा पुन्हा तपासावासा वाटतो. मला म्हणता आलं असतं की सोमवारी छगनभाई आहे, इंग्रजीच्या बाई आहेत, खोली उघडी आहे. ते खोटं नव्हतं. पण मी म्हणालो, "सोमवारी मी आहे." स्वतःचा आवाज मला दुसऱ्या कोणाचा असावा तसा ऐकू आला. कडी निघाली.

शनिवारी आणि रविवारी मी त्याच्याबरोबर दमणगंगेच्या काठाने चाललो. पुस्तकातलं काहीच बोललो नाही. रविवारी सकाळी मात्र मी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेलो. दोंडाईच्याला आमच्या शेजारच्या डॉक्टरांकडे फोन होता. त्यांनी वर्षाला बोलावून आणलं.

"पप्पा, कुठे आहात? सुरतेला?"

"नाही गं. सिल्वासालाच आहे. इथे एक मुलगा फार घाबरलाय. त्याला सोडून येता येईना."

तारेतून खरखर येत होती.

"वर्षा, ऐक. उद्या पेपर हातात आला की चपला काढून पाय जमिनीवर टेकव. श्वास लांब सोड. आणि सगळा पेपर बघू नकोस, येतं ते एक..."

"पप्पा," तिने मला थांबवलं. "हे तुम्ही तुमच्या मुलांना सांगता ना?"

"हो."

"ते मला नका सांगू. दुसरं काहीतरी सांगा."

मी रिसीव्हर धरून उभा राहिलो. दुसरं काय? या मुलीला कुठली भाजी आवडते, मैत्रिणीचं नाव काय, ती कशाने हसते, यातलं मला काही आठवेना. बूथच्या काचेवर बाहेर थांबलेला माणूस टकटक करत होता. मी विचारलं, "जेवलीस का?"

"सकाळचे साडेनऊ वाजलेत पप्पा," ती म्हणाली. "ठेवते."

सोमवारी अभिजित शाळेत आला. त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली तेव्हा हात गारच होता. पेपर सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील, छगनभाई त्याला खाली घेऊन आला. चेहरा राखेसारखा. मी त्याला बसवलं, चपला काढायला लावल्या. तो श्वास सोडत होता, मी त्याच्याबरोबर सोडत होतो. दहाएक मिनिटांनी तो म्हणाला, "सर, दुसरा प्रश्न येतो मला." आणि उठून गेला. त्यानंतर खाली आला नाही.

पुढे खोलीत मी एकटा होतो. पर्यवेक्षकांनी उरलेली एक प्रश्नपत्रिका मला वाचायला म्हणून दिली. मला त्यातलं काही सोडवता येत नव्हतं. पण हाच कागद, हेच छापलेले आकडे या क्षणी वर्षाच्या समोर आहेत, हे मला कळत होतं. मी तो कागद मांडीवर धरून पेपर सुटेपर्यंत बसलो. तीन तास एका जागी बसून एक अक्षर न लिहिणं कसं असतं, ते मला त्या दिवशी समजलं.

नंतर अनेकांनी मला सांगितलं की तुम्ही फार मोठं मन दाखवलंत. देवधरसाहेबांनी तर चार लोकांत सांगितलं. मी ते ऐकून घेतलं, पण आता या वयात खोटं कशाला बोलू? सिल्वासात मला माहीत होतं काय करायचं. तिथे मी पवारसर होतो. दोंडाईच्याला मी दिवाळीचा पाहुणा होतो. माझ्यासमोर वर्षा रडायला लागली असती तर मला काय सुचलं असतं? त्या प्रश्नाचा अभ्यास मी केलेलाच नव्हता. बसमधून उतरताना अभिजितची काळजी होती हे खरं, पण कुठेतरी आत सुटल्यासारखंही वाटलं होतं. मुलांना पेपर चुकवू नका म्हणून सांगणाऱ्या माणसाने आपला पेपर चुकवला, आणि त्याबद्दल लोकांनी त्याला शाबासकी दिली.

अभिजित बावन्न टक्क्यांनी पास झाला. देवधरसाहेबांची पुढे पुण्याला बदली झाली. वर्षाला पहिला वर्ग मिळाला. ती शिकली, नोकरीला लागली, आज जळगावला सुखात आहे. आमच्यात भांडण नाही. रविवारी तिचा फोन येतो, ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मी तिच्या मुलांची करतो. निवृत्तीनंतर मी दोंडाईच्याला आलो, बायकोही निवृत्त झाली. घरात माझी खुर्ची कुठे ठेवायची हे ठरायला आम्हाला बरेच महिने लागले.

वर्षाच्या दहावीच्या वर्षी मे महिन्यात मी घरी आलो तेव्हा निकाल लागायचा होता. परीक्षेचा विषय घरात कोणी काढत नव्हतं. एका दुपारी बायकोने गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि वर्षा जिन्याच्या सावलीत काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. मी वर गेलो आणि तिच्या शेजारी बसलो.

शेवटी तिनेच विचारलं, "त्या मुलाचं काय झालं?"

"सगळे पेपर दिले त्याने."

"बरं झालं." तिने एक कावळा उठवला. त्या 'बरं झालं'मध्ये मी टोमणा शोधला, पण सापडला नाही.

"आणि तुझं बीजगणित?"

"सुरुवातीला काहीच सुचलं नाही. पेन खाली पडलं. मग एक बाई होत्या आमच्या वर्गावर, बाहेरच्या शाळेतल्या. त्यांनी पेन उचलून दिलं. पाणी आणून दिलं. आणि मग माझ्या बाकाजवळ उभ्या राहिल्या."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. नुसत्या उभ्या होत्या. मी लिहायला लागले तरी होत्या."

मला त्या बाईंना भेटायचं होतं. त्याच संध्याकाळी मी वर्षाचं परीक्षा केंद्र असलेल्या शाळेत गेलो. सुट्टीमुळे फाटकाला कुलूप होतं. आवारात राहणाऱ्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, पर्यवेक्षक बाहेरून येतात, रोज बदलतात, नावं आता कुठून सांगू? मी घरी परत आलो. वर्षा वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती. मी विचारलं, "दिसायला कशा होत्या त्या बाई? काही आठवतं का?"

तिने जरा विचार केला.

"उंच होत्या," ती म्हणाली. "चष्मा होता. आणि पप्पा, त्यांना दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं."